माजी मालगुजारी तलावांचे अर्थकारण : पूर्व विदर्भातील धान, मासळी व भाजीपाला यांच्या संयुक्त उत्पादनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अल्पभूधारक शेतकऱ्याने केवळ धानावर विसंबून न राहता त्याच पाण्यावर मत्स्यपालन करावे आणि बांधावर भाजीपाला घ्यावा, असा सल्ला गेली काही दशके कृषी विस्तार यंत्रणेकडून सातत्याने दिला जात आहे. ‘एकात्मिक शेती पद्धती’ या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना बहुधा आधुनिक संशोधनाचे फलित म्हणून मांडली जाते. नागपूरच्या पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र या तिन्ही उत्पादनांची सांगड गेली किमान अडीचशे-तीनशे वर्षे घातली गेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत पसरलेले सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, ज्यांना बोलीत ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव मिळाले आहे, हे या व्यवस्थेचे केंद्र होते.

या तलावांविषयी झालेले लेखन मुख्यतः सिंचनाच्या अंगाने झाले आहे. तलावाची सिंचनक्षमता किती, ती किती घटली, दुरुस्तीस किती खर्च येईल, हे प्रश्न त्यात अग्रभागी असतात. प्रस्तुत निबंधात तलावाकडे एका संयुक्त उत्पादन व्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले आहे. धान, मासळी, शिंगाडा, भाजीपाला आणि गाळ ही एकाच पाळीने अडविलेल्या पाण्याची वेगवेगळी उत्पन्ने होत. ही उत्पन्ने कोणाच्या वाट्यास येत, पाळ राखण्याचा खर्च कोण सोशी आणि १९५१ नंतर या दोहोंमधील नाते कसे तुटले, याची मीमांसा करणे हा या निबंधाचा हेतू आहे.

तलावांची उभारणी : गोंड राजवट व कोहळी समाज

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो. वर्षाकाठी साधारणतः १२०० ते १५०० मिलिमीटर. तथापि धानाच्या दृष्टीने एकूण पावसापेक्षा त्याचे वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. रोवणीच्या वेळी बांधीत पाणी साचलेले असणे आणि लोंबी भरण्याच्या काळात, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात व ऑक्टोबरात, ओल टिकून राहणे या दोन गरजा आहेत. परतीचा पाऊस चुकला की उभे पीक हातचे जाते. भूपृष्ठ उतरते, जमिनी उथळ, डोंगररांगा लहान आणि विखुरलेल्या. अशा प्रदेशात उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालून पाणी अडविणे हा सर्वांत स्वाभाविक उपाय होता.

हा उपाय मोठ्या प्रमाणावर अमलात आला तो चांद्याच्या गोंड राजांच्या उत्तेजनामुळे. जो कोणी जंगल तोडून गाव वसवील व तलाव बांधील त्यास तलावाखालील जमीन सवलतीच्या अटींवर देण्याची पद्धत रूढ होती. अशा धारणेस ‘तुकूम’ असे म्हणत. चंद्रपूर परिसरातील काही स्थळनामांत हा शब्द आजही टिकून आहे. तलाव बांधण्याच्या कौशल्यासाठी कोहळी समाज विशेष प्रसिद्ध होता. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात वैनगंगा खोऱ्यातील मोठ्या तलावांचे कर्ते म्हणून कोहळ्यांचा उल्लेख केला असून, गोंड राजाने त्यांना काशीच्या परिसरातून आणल्याची त्यांच्यातील परंपराही नोंदविली आहे. सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव येथील विस्तीर्ण तलावाच्या उभारणीचे श्रेय अठराव्या शतकातील कोलू पाटील कोहळी यास दिले जाते. पुढे लोकांनी त्यास देवत्वही बहाल केले.

कोहळ्यांचे आवडीचे पीक ऊस होते. ही बाब अर्थशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय आहे. धानाला पावसाळ्याच्या अखेरीस संरक्षक पाणी मिळाले तरी भागते; उसाला मात्र उन्हाळ्यातही पाणी हवे. त्यामुळे उसासाठी बांधलेला तलाव उन्हाळ्यात पूर्ण आटू न देणे हे बांधणाऱ्याच्याच हिताचे होते. उन्हाळ्यात टिकून राहणारे हेच पाणी माशांच्या पैदाशीचे भांडवल ठरले. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या गूळ-साखरेशी स्पर्धा वाढली आणि स्थानिक ऊस मागे पडत गेला. धान हेच तलावाचे मुख्य पीक राहिले. तलावाच्या पाण्यावरील पिकाचा हा बदल पुढील काळातील मासळीच्या प्रश्नाशी निगडित आहे, हे निबंधाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

मालगुजारी व्यवस्थेतील हक्क आणि जबाबदाऱ्या

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतरच्या जमाबंदीत गावोगावच्या पाटलांना व मक्तेदारांना मालकी हक्क देण्यात आले. तेच मालगुजार होत. गावाबरोबर तलावही त्यांच्या मालकीत गेले. जमाबंदीच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात गावातील रूढ हक्कांची नोंद करण्याची पद्धत होती. तलावाच्या पाण्यावरील शेतकऱ्यांचे हक्क, गुरांना पाणी पाजण्याचे हक्क अशा बाबींना त्यामुळे लेखी आधार मिळाला.

मालगुजार तलाव का राखीत असे, याचे उत्तर त्याच्या उदारतेत शोधण्याची गरज नाही. तलावाखालील उत्तम बांध्या बहुधा त्याच्याच ‘सीर’ व ‘खुदकास्त’ जमिनीत मोडत. ओलिताच्या जमिनीस कोरडवाहूपेक्षा अधिक खंड मिळे आणि कुळे गाव सोडून जात नसत. म्हणजेच पाळ फुटली तर सर्वांत मोठे नुकसान मालगुजाराचे होते. उत्पन्नाचा मोठा वाटा आणि देखभालीची जबाबदारी एकाच ठिकाणी एकवटली होती. ही व्यवस्था टिकण्याचे हे मुख्य आर्थिक कारण होय.

मात्र तिचा गौरव करताना तिची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. पाळीवर माती टाकणे, तुडूम दुरुस्त करणे, पाट साफ करणे ही कामे गावकऱ्यांच्या श्रमावर होत आणि त्या श्रमात वेठीचा अंश होता. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला पाण्याचा लाभ अप्रत्यक्ष आणि अल्प होता. तलाव गावाचा असला तरी गाव समानांचा नव्हता.

एक पाणी, अनेक उत्पन्ने

तलावाच्या रचनेतच उत्पन्नांची विभागणी सामावलेली होती. पाळीच्या खाली, तुडुमातून निघणाऱ्या पाटावर धानाच्या बांध्या होत्या. पाण्याखाली गेलेल्या मधल्या भागात मासळी, शिंगाडा आणि कमळाचे कंद मिळत. पाणी मागे सरके तशी उघडी पडणारी गाळाची जमीन म्हणजे गाळपेर. तीत हिवाळ्यात व उन्हाळ्यात भाजीपाला आणि वेलवर्गीय फळे घेतली जात. पाळीच्या पायथ्याशी पाझराच्या ओलीवर आणि तेथील विहिरींवर वाड्या उभ्या राहत. बांध्यांच्या धुऱ्यांवर तूर व वाल, तर धान कापणीपूर्वीच ओलीत फेकून घेतलेले लाखोळी व जवस ही उतेऱ्याची पिके होत. मोठ्या तलावांच्या जोडीला लहान शेतकऱ्यांच्या मालकीच्या ‘बोड्या’ होत्या आणि त्यांतही याच क्रमाची लहान आवृत्ती आढळते.

येथे एक महत्त्वाची बाब ध्यानात घेतली पाहिजे. ही सांगड एका शेतकऱ्याच्या शेतात घातलेली नव्हती. ती गावाच्या पातळीवर होती. धान कोहळी, कुणबी व पोवार शेतकरी पिकवीत. मासेमारी आणि शिंगाड्याची लागवड धिवरांकडे होती. भाजीपाला हा मरार व माळी समाजांचा व्यवसाय होता. प्रत्येक उत्पादनाला वेगळे कौशल्य, वेगळी अवजारे आणि दिवसाचे वेगळे वेळापत्रक लागते. जाळे विणणारा हात आणि पऱ्हे रोवणारा हात निराळे असल्याने एका कुटुंबावर साऱ्या कामांचा भार पडत नसे. श्रमविभागणी जातीच्या चौकटीत बंदिस्त होती हा तिचा दोष आहे. परंतु तीच श्रमविभागणी संयुक्त उत्पादनाला शक्य करीत होती, हेही नाकारता येत नाही.

गाळाचे स्थान या व्यवस्थेत विशेष आहे. पाणलोटातून वाहून येणारी सुपीक माती तलावात साचते. उन्हाळ्यात शेतकरी ती बैलगाडीने बांधीत नेत. शेताला खत मिळे आणि तलावाची खोली टिकून राही. देखभालीचा खर्च आणि खताची प्राप्ती या दोन्ही गोष्टी एकाच कृतीतून साधल्या जात. हा व्यवहार पैशांत कधीच मोजला गेला नाही. त्यामुळेच रासायनिक खत सहज मिळू लागल्यावर गाळ नेणे थांबले, तेव्हा तलाव भरत चालल्याचा तोटाही कोणाच्या हिशेबात दिसला नाही.

वेळापत्रकातील संघर्ष

तिन्ही उत्पादने परस्परपूरक आहेत, असे सर्वसाधारण विधान केले जाते. ते अर्धेच खरे आहे. धानाला पाणी सोडले तर तलावाची पातळी उतरते; माशांना पातळी टिकलेली हवी; गाळपेर करणाऱ्यास ती लवकर उतरलेली हवी. शिंगाड्याचा वेल पृष्ठभाग व्यापतो तेव्हा जाळे टाकता येत नाही. म्हणजे एकाचा लाभ हा बऱ्याच वेळा दुसऱ्याचा खर्च असतो.

पारंपरिक व्यवस्थेत हा संघर्ष वर्षाच्या क्रमाने सोडविला जात असे. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे मासे तलावात शिरत आणि उथळ कडेच्या वनस्पतींत अंडी घालत. मरळ, मागूर, शिंगी यांसारख्या स्थानिक जातींना बीज सोडण्याची गरज नव्हती. ऑक्टोबरात धानाला पाणी दिल्यानंतर जे उरे ते माशांचे. त्यानंतर हळूहळू उघडी पडणारी जमीन भाजीपाल्याची. उन्हाळ्याच्या अखेरीस मधल्या खोलगट भागात उरणारा साठा पुढील वर्षाच्या पैदाशीसाठी सोडला जाई. धानाला संरक्षक पाणी देऊन तुडूम बंद करणे या एका शिस्तीवर उरलेली सर्व उत्पन्ने उभी होती.

ही शिस्त विस्कटण्याचे एक कारण उन्हाळी धान हे होय. विजेचे व डिझेलचे पंप आणि लवकर तयार होणारे वाण आल्यावर तलावातील उरलेल्या पाण्यावर दुसरे पीक घेणे शक्य झाले. उन्हाळी धान घेणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते हे खरे. पण त्यासाठी उपसलेले पाणी मासेमारांच्या भांडवलातून जाते. उसाच्या काळात उन्हाळ्यातील साठा राखण्यात बांधणाऱ्याचा स्वार्थ होता. उन्हाळी धानात तो साठा संपविण्यात स्वार्थ आहे.

१९५१ नंतरचे विभाजन

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५० अन्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे वर्ग झाले. वेठ आणि खंड यांतून कुळांची सुटका करणारा हा कायदा सामाजिक न्यायाच्या दृष्टीने अपरिहार्य होता. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर लहान तलावांची देखभाल त्यांच्याकडे सोपविण्यात आली, तर मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे राहिले.

या हस्तांतरणात एक मूलभूत उणीव राहिली. मालगुजाराकडे असलेली जबाबदारी शासनाकडे आली. पण त्याच्याकडे असलेले उत्पन्न एकत्रितपणे आले नाही. ते अनेक वाटांनी विभागले गेले. सिंचन एका विभागाचा विषय झाले. मासेमारीचा ठेका दुसऱ्या यंत्रणेच्या कक्षेत गेला. गाळपेर जमिनीचे वाटप महसूल खात्याचा विषय झाले. पाणलोटातील जंगल वन खात्याकडे होते. प्रत्येक विभागास तलावाचा एकच भाग दिसत होता.

पाण्याच्या मोबदल्याचा प्रश्नही गुंतागुंतीचा ठरला. ज्या शेतकऱ्यांना निस्तार हक्काने पाणी मिळत होते त्यांचे म्हणणे असे की, हे तलाव शासनाने बांधलेले नाहीत, ते पूर्वजांच्या श्रमातून उभे राहिले आहेत. तेव्हा पाणीपट्टी कशासाठी? हक्काच्या दृष्टीने हा युक्तिवाद सबळ आहे. परंतु ज्या कामातून महसूल नाही त्यावर खर्च करण्यास कोणतीही यंत्रणा उत्सुक नसते. पाणीपट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून पाणी नाही, असे दुष्टचक्र तयार झाले. जुन्या तलावांची पाळ खचली, तुडूम गळू लागले, पाट बुजले, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली. याच काळात शासनाचे लक्ष व निधी मोठ्या प्रकल्पांकडे वळला. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि पुढील तीन दशकांहून अधिक काळ विदर्भातील सिंचनाची सारी चर्चा त्या एका नावाभोवती फिरत राहिली.

धिवर, सहकार आणि कार्प मासे

मालगुजारी गेल्यावर धिवरांची स्थिती दुहेरी झाली. मालगुजाराच्या मर्जीवर अवलंबून असलेली मासेमारी सहकारी संस्थांच्या हाती आली, हा निश्चितच लाभ होता. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर जिल्ह्यांत मच्छीमारांच्या अनेक सहकारी संस्था स्थापन झाल्या. तथापि त्यांना मिळालेला हक्क ठराविक मुदतीच्या ठेक्याचा होता. जो हक्क काही वर्षांनी संपणार आहे त्याच्या भरवशावर पाळ दुरुस्त करणे किंवा तलावाचा तळ सुधारणे परवडत नाही. ठेकेदारास पिकाची चिंता असते, मालमत्तेची नसते; येथे दोष ठेकेदाराचा नसून ठेक्याच्या स्वरूपाचा आहे.

तंत्रज्ञानानेही हाच कल दृढ केला. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि मत्स्यबीजाचा पुरवठा नदीवर अवलंबून राहिला नाही. १९७० च्या दशकात कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला गवत्या, चंदेरी व सायप्रिनस या परदेशी माशांचे मिश्र संवर्धन देशभर प्रसारित झाले. दर हेक्टरी उत्पादन वाढविण्याच्या दृष्टीने हे मोठे यश होते. परंतु मामा तलावांच्या संदर्भात त्याचा हिशेब निराळा पडतो. यांतील बहुतेक कार्प मासे तलावात नैसर्गिकरीत्या पैदा होत नाहीत; त्यामुळे दरवर्षी बोटुकली विकत घ्यावी लागते. गवत्या मासा ज्या पाणवनस्पती खातो त्यांतच स्थानिक मासे अंडी घालतात. पूर्वी बिनखर्चाचे असलेले उत्पन्न अशा रीतीने भांडवली खर्चाचे झाले. उत्पादनाचे एकूण वजन वाढूनही लहान संस्थेच्या सभासदाच्या हाती उरणारी रक्कम त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. शिवाय घरच्या ताटातील लहान मासळी, जी कधी बाजारात जातच नव्हती, ती कोणत्याही आकडेवारीत न दिसता कमी झाली.

गाळाने उथळ झालेल्या तलावांत बेशरमाची झुडपे माजली आणि बांध्यांतील कीटकनाशकांचे अंश पाण्यात उतरू लागले. या पार्श्वभूमीवर अर्जुनी-मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मच्छीमार संस्थांसमवेत केलेले काम उल्लेखनीय आहे. मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयत्नांत बेशरम काढून टाकणे, तलावाचा उघडा तळ नांगरणे, स्थानिक पाणवनस्पतींची पुनर्लागवड करणे आणि देशी माशांना परत आणणे असा क्रम अवलंबिला गेला. धिवरांचे पारंपरिक ज्ञान हा या कामाचा आधार होता. येथे सर्वांत कमी खर्चाचा घटक भांडवल नसून ज्ञान होता, ही बाब अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी अशी आहे.

शेतातील सांगड : एक साधा हिशेब

तलावाऐवजी शेतातच धान व मासे एकत्र घ्यावेत, हा पर्याय अनेकदा सुचविला जातो. चीनच्या झेजियांग प्रांतातील चिंगतियान येथील धान-मत्स्य शेतीचा अन्न व कृषी संघटनेने २००५ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात समावेश केला. अरुणाचल प्रदेशात झिरो खोऱ्यातील आपातानी शेतकरी बांधीत मासे वाढवितात. कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने शेतात चर व खोलगट तळे ठेवून बांधावर भाजीपाला घेण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. या उदाहरणांचे मोल मोठे आहे. पण पूर्व विदर्भातील लहान शेतकऱ्यासाठी त्यांचा हिशेब तपासून पाहावा लागतो.

उदाहरणादाखल समजा, एका एकराच्या बांधीत माशांसाठी एक दशांश क्षेत्रावर चर खोदला. एकरी २० क्विंटल धान होते असे गृहीत धरल्यास दोन क्विंटल धानाचे क्षेत्र गेले. २०२४-२५ च्या हंगामातील साधारण धानाच्या क्विंटलला २३०० रुपये या आधारभूत किमतीने हे नुकसान ४६०० रुपये होते. मासळीला किलोमागे १०० रुपये मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम बीज, खाद्य व वाहतूक यांवर गेली असे धरल्यास, केवळ गेलेले धान भरून काढण्यासाठी ९२ किलो मासळी निघाली पाहिजे. चराच्या खोदाईचा खर्च आणि राखणीचे श्रम यात धरलेले नाहीत. पावसाळ्यातील चार महिन्यांच्या उथळ पाण्यात बोटुकली बाजारी वजनाची होणे अवघड असते. म्हणजे केवळ बांधीच्या पाण्यावर हा व्यवहार फायद्याचा ठरत नाही. त्यास वर्षातील अधिक काळ पाणी धरणारा साठा हवा. असा साठा मिळाला की पहिले चित्र बदलते. त्याच पाण्यावर हिवाळ्यात भाजीपाला निघतो आणि खोदाईचा खर्च तीन उत्पन्नांत विभागला जातो. या व्यवहारात भाजीपाल्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. धानाचा पैसा वर्षातून एकदा, मासळीचा एक-दोनदा येतो; भाजीपाल्याचा आठवडी बाजारातून दर आठवड्यास येतो आणि सावकाराकडे जाण्याची वेळ टळते.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाण्याचा काळ हाच संयुक्त शेतीचा निर्णायक घटक आहे. दुसरी, एक-दीड एकराच्या मालकास असा साठा स्वतःच्या जमिनीत निर्माण करणे म्हणजे धानाचे क्षेत्र गमावणे होय. बोडी असलेल्या शेतकऱ्यास किंवा गावतलावावर हक्क असलेल्या गटास मात्र हा साठा आधीच उपलब्ध आहे. राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने खासगी साठ्यांना प्रोत्साहन मिळाले. पूर्व विदर्भात मात्र जुन्या बोड्यांचे पुनरुज्जीवन हा अधिक स्वस्त पर्याय ठरू शकतो, कारण तेथे जागा आणि पाणलोट दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेले आहेत.

गोव्याची खाजने : एक तुलना

मराठी व कोकणी भाषिक प्रदेशातच या व्यवस्थेचे दुसरे रूप गोव्याच्या खाजन जमिनींत दिसते. खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी रोखलेल्या या शेतांत पावसाळ्यात कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात आणि ‘मानस’ नावाच्या दरवाजापाशी मासळी व कोळंबी अशी सांगड असे. उंच खाजनांत भातानंतर भाजीपालाही घेतला जाई. बांध व मानस यांची देखभाल गावकारी संस्थेकडे होती आणि मानशीवरील मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न तिला मिळत असे. १९६१ नंतर कूळ कायदे आले. जमीन कसणाऱ्याकडे गेली आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. मासळीचा भाव वाढत गेला तसे कित्येक ठिकाणी भातापेक्षा मानशीचा लिलाव अधिक किफायतशीर झाला आणि खारे पाणी आत घेऊन शेते पडीक ठेवण्याकडे कल वाढला.

वैनगंगेच्या खोऱ्यात धानाने मासळीचे पाणी घेतले, तर गोव्यात मासळीने भाताची जमीन घेतली. दिशा विरुद्ध असली तरी कारण एकच आहे. संयुक्त उत्पादनातील एखादे उत्पन्न अधिक फायद्याचे झाले आणि सर्व उत्पन्नांचा एकत्र विचार करणारी संस्था दुबळी झाली की ज्याचा बाजार मोठा तो इतरांचे पाणी गिळतो.

पुनरुज्जीवनाचे धोरण

एकविसाव्या शतकात मामा तलावांकडे शासनाचे पुन्हा लक्ष गेले. रोजगार हमी, २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना यांतून खोलीकरणाची कामे झाली. गाळ शेतात नेण्याची जुनी रीत धोरणात आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु यंत्राने केलेल्या खोलीकरणात किती घनमीटर गाळ निघाला हे यशाचे माप ठरते. कडेचा उथळ उतार खणून काढला की माशांची अंडी घालण्याची जागा आणि गाळपेरची जमीन या दोन्ही नाहीशा होतात. पाण्याचा साठा वाढतो, पण तलावाची उत्पन्ने कमी होतात.

कायद्याच्या बाजूने पाया उपलब्ध आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन व मत्स्यव्यवसाय हे दोन्ही विषय पंचायतींच्या कक्षेत ठेवले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलसाठ्यांतील मासळी व अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्कांना मान्यता आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्याने ग्रामसभा एकत्रित साधनसंपत्तीचे व्यवस्थापन करू शकते, हे सिद्ध झाले आहे. जंगलाच्या बाबतीत जे शक्य झाले ते तलावाच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

समारोप

पूर्व विदर्भातील मामा तलावांच्या इतिहासावरून पुढील निष्कर्ष निघतात. धान, मासळी व भाजीपाला यांची सांगड या प्रदेशात नवी नाही; ती येथे दीर्घकाळ यशस्वी होती. तिचे यश तंत्रापेक्षा पाळ राखणाऱ्याच्या हितसंबंधांवर उभे होते. मालगुजारीत हे हितसंबंध एका व्यक्तीत एकवटले होते आणि त्याची सामाजिक किंमत कुळांनी व वेठीच्या श्रमिकांनी दिली. मालगुजारीचे उच्चाटन न्याय्य होते. परंतु तिच्या जागी उत्पन्न आणि जबाबदारी पुन्हा एकत्र आणणारी लोकशाही संस्था उभी राहिली नाही.

म्हणून लहान शेतकऱ्यास मत्स्यबीज किंवा भाजीपाल्याचे बियाणे अनुदानावर देणे हा प्रश्नाचा एक लहानसा भाग आहे. ग्रामसभा, पाणी वापरणारे शेतकरी, धिवरांची सहकारी संस्था आणि गाळपेर करणारी भूमिहीन कुटुंबे यांना तलावाच्या वार्षिक वेळापत्रकावर एकत्र निर्णय घेता आला पाहिजे. तुडूम कधी बंद करायचे, उन्हाळ्यात किती साठा राखायचा, मासळीच्या ठेक्यातील किती रक्कम पाळीसाठी बाजूला काढायची, गाळ कोठून काढायचा आणि कोठून नाही, हे ठरविण्याचा अधिकार व त्यातून येणारे उत्पन्न एकाच ठिकाणी असावे लागेल. धिवरांचा मासळीवरील हक्क दीर्घ मुदतीचा केला तर तलावाच्या दुरुस्तीत त्यांचाही स्वार्थ निर्माण होईल. हे झाले नाही तर तलावांची दुरुस्ती दर काही वर्षांनी नव्या नावाच्या योजनेतून होत राहील आणि मधल्या काळात पाळ पूर्वीसारखीच खचत राहील.